भाऊ, आपला एक ओहमचा वाद

भाऊ,

तुमच्या दहाव्याला मोशीच्या घाटावर ज्या गाड्या लागल्या होत्या, त्यातल्या निम्म्यांच्या डिकीत आपण बसवलेले जाड आवाजाचे वूफर स्पीकर होते. मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव असलेली पांढरी गाडी आपण तीनदा उघडली होती. ती पिंपळाखाली उभी होती. सगळ्या गाड्या गप्प होत्या. प्रवचन सुरू झालं तसा माइक शिट्टी मारायला लागला. बायकांमध्ये बसून मी विचार करत होते, की उठून तो नीट करावा की बसून राहावं. तुम्ही तिथे असतात तर तुम्हाला ती शिट्टी ऐकूच आली नसती. एवढ्या माणसांत ही गोष्ट फक्त शालनवहिनींना आणि मला माहीत होती. आता लिहायला हरकत नाही, असं वहिनींनीच सांगितलं, म्हणून लिहिते.

मी तुमच्याकडे आले तेव्हा चाकणच्या कंपनीतलं माझं कंत्राट संपलं होतं. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं, पुढे चार वर्षं गाड्यांचं वायरिंग तपासायच्या लाइनवर काढलेली. आकुर्डीहून बस बदलत मोशीला उतरले आणि नाशिक रोडवरच्या तुमच्या दुकानात येऊन म्हणाले, की मला अँप्लिफायर दुरुस्त करता येतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग माझ्या मागे कोणी पुरुष माणूस आहे का ते बघितलंत. डिकीत डोकं घालून काम करावं लागतं, जमंल का, असं विचारलंत. मी म्हणाले, काम द्या, मग बघा. तुम्ही फळीवरचा एक मेलेला अँप काढून दिलात. तिघांनी हात टेकलेला अँप होता तो, हे तुम्ही नंतर सांगितलंत. त्याचा सोल्डरचा एक टाका सुटलेला होता, दुसरं काही नव्हतं. चहा येईपर्यंत तो वाजायला लागला. तुम्ही त्यावर हात ठेवून थोडा वेळ थांबलात आणि म्हणालात, "उद्यापास्नं या." महिनाभर मला मॅडम म्हणालात. मग रेखा.

एकदा एका गिऱ्हाइकानं मला नाव विचारलं, मग पूर्ण नाव, मग मूळ गाव. हे प्रश्न त्या क्रमानं कशासाठी येतात हे आमच्या घरात लहानपणीच कळतं. तुम्ही डिकीतून बाहेर आलात आणि त्याला सांगितलंत, चावी ठेवा आणि बाहेर बाकड्यावर बसा. त्याचं बोलणं तुम्हाला ऐकू आलं होतं की माझ्या चेहऱ्यावरून तुम्ही ओळखलं होतंत, ते आता विचारता येणार नाही.

तुम्ही अठरा वर्षं चाकणला प्रेस शॉपमध्ये होतात. दिवसभर पत्रा ठोकणारी मशीन, आणि कानात कापूस. तिथून बाहेर पडून हे दुकान टाकलंत. सगळे म्हणायचे की दत्ताभाऊंना वूफरची नस सापडलीय. गाणं लावायचं, खोक्यावर तळहात ठेवायचा, मग टपावर, मग स्वतःच्या छातीवर. हात उचलला की समजायचं, काम झालं. लोकांना ती तुमची स्टाइल वाटायची. मलाही वाटायची. मी मात्र मीटर लावल्याशिवाय काही सोडत नव्हते, आणि आपली भांडणं तिथूनच सुरू झाली.

ओहमचा, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचा, हिशोब मी तुम्हाला एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवला होता. चार ओहमच्या दोन कॉइल एकामागे एक जोडल्या की आठ. शेजारी शेजारी जोडल्या की दोन. ओहम जितके कमी तितका अँपमधून करंट जास्त, आवाज जास्त आणि अँपला ताप जास्त. तुम्ही पुठ्ठा बघितलात आणि म्हणालात, ही तर विहिरीवरची मोटर हाय. एका पाइपाच्या जागी दोन लावले की पाणी जास्त जातं आणि मोटर दमते. मी म्हणाले, बरोबर, आणि किती पाइप लावायचे ते मोटरीच्या पाटीवर लिहिलेलं असतं. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं होतं. पाटीवर लिहिणाऱ्यानं आमची विहीर बघितल्याली नसती.

तुमचं म्हणणं होतं, की मीटर सांगतो तो ओहम वूफर मुका असतानाचा. एकदा तो खोक्यात बसला आणि वाजायला लागला की ओहम चढतो. म्हणून एक ओहमवर जोडलं तरी अँपला खरा लोड दोनाच्या वरच पडतो. मी म्हणायचे, चढतो, पण प्रत्येक सुराला चढत नाही, आणि अँप मरतो तो न चढलेल्या सुराला. हा वाद आपण वर्षानुवर्षं घातला. वहिनी डबा घेऊन आल्या की दारातूनच विचारायच्या, अजून तेच का?

मग देहूरोडचा विनायक आला.

कंपनीच्या लोकांना ने-आण करायची त्याची गाडी होती. भावाच्या लग्नासाठी त्याला मोठा आवाज पाहिजे होता. वूफर आणि अँप त्यानं बाहेरून घेऊन आणले होते. दोन वूफर, प्रत्येकात चार ओहमच्या दोन कॉइल. अँप मात्र दोन ओहमपर्यंतच चालणारा. मी दोन्ही पाट्या वाचल्या आणि त्याला सांगितलं, की या दोन वूफरचे दोन ओहम होतच नाहीत. एक होईल नाहीतर चार होतील. एक या अँपला झेपणार नाही. चारवर जोडते, आवाज थोडा कमी मिळेल, पण गाडी नीट राहील. त्याचं तोंड उतरलं. तुम्ही बाजूला उभे राहून आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होतात. मी जेवायला गेले आणि परत आले तेव्हा गाडी निघून गेली होती. तुम्ही छातीवर हात ठेवून मला खूण केलीत, की जबरदस्त वाजतंय.

कितीवर जोडलंत, असं मी विचारलं. तुम्ही बोटानं एक दाखवलंत. त्या दिवशी मी तुमच्याशी पुढे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. विनायक फ्यूज उडाला म्हणून परत आला आणि तुम्ही त्याला मोठा फ्यूज बसवून दिलात. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर मी त्याच्या घरी जाऊन तो काढला असता. एक ओहमवर मी तुमच्याशी वाद घालू शकत होते. मोठ्या फ्यूजवर वाद नसतो, भाऊ. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. हे तुम्हालाही ठाऊक होतं. चाकणच्या कंपनीत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल असं होत नाही.

तीन दिवसांनी तळेगाव चौकातल्या सिग्नलला त्याच्या डिकीतून धूर निघाला. मागच्या सीटवर त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी होती. लोकांनी दार उघडून दोघींना बाहेर काढलं. वायर उपटताना विनायकचा तळहात भाजला. मागच्या सीटचं अस्तर वितळलं होतं. बाकी कोणाला काही झालं नाही.

तो संध्याकाळी हाताला पट्टी बांधून दुकानात आला. पाच-सहा माणसं बसलेली होती. त्यानं अँप काउंटरवर टाकला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात वायर दिली की असंच होणार. माझी पोरगी मागं बसली होती."

तुम्ही तो जळका अँप हातात घेतलात आणि उलटसुलट करून बघत राहिलात. मी थांबले. तुम्ही मान वर करून एक वाक्य बोलाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही स्क्रू काढायला लागलात. मी माझा मीटर पर्समध्ये टाकला आणि बाहेर पडले. बसमध्ये मला रडू आलं नाही. आकुर्डीला उतरल्यावर मी भाजी घेतली, घरी गेले आणि बाबांना सांगितलं, की काम सोडलं.

बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कारण विचारलं नाही. दोन दिवसांनी एवढंच म्हणाले, की तुझे दत्ताभाऊ वाईट माणूस वाटले नव्हते. त्याचा मला जास्त राग आला.

पाच आठवड्यांनी तुम्ही आणि वहिनी आमच्या घरी आलात. बसनं आलात, गाडी आणली नाहीत. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग तुम्ही कप खाली ठेवलात.

"रेखा, वायर मी जोडली. फ्यूज बी मीच बदलला. तुझा त्यात काय संबंध न्हाई."

"ते मला माहीत आहे, भाऊ. तुम्ही तिथे का नाही बोललात?"

तुम्ही वहिनींकडे बघितलंत. वहिनी म्हणाल्या, "त्यांना ऐकू येत न्हाई गं."

मला आधी कळलंच नाही. मग तुम्ही सांगितलंत. डावा कान कंपनीत असतानाच गेला होता. उजव्यालाही मोठं आणि जाड तेवढंच पोचत होतं. बारीक आवाज, पक्षी, फोनची घंटी, सगळं संपलेलं. वूफर तुम्हाला कळायचा, कारण तो अंगाला कळतो. विनायक काय बोलला ते तुम्हाला दोनच दिवसांपूर्वी कळलं होतं, वहिनींना कोणा गिऱ्हाइकाच्या बायकोनं सांगितलं तेव्हा. हे सांगताना तुमचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. शेजारच्या दोन घरांत ऐकू गेला असेल.

"बहिऱ्या माणसाकडं साउंड बसवायला कोण येईल?" तुम्ही विचारलंत. "तूच सांग."

बाबांनी तुमच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. त्यांच्या मते तिथेच सगळं मिटलं होतं. माझ्या मते नव्हतं. मी अट घातली, की जे इथं बोललात ते विनायकसमोर बोला, आणि माणसं बसलेली असताना बोला.

तुम्ही बोललात. त्या रविवारी विनायकला बोलावून घेतलंत, दुकान भरलेलं असताना मधोमध उभे राहिलात आणि म्हणालात, "वायरिंग माझं. फ्यूज माझा. हिनं नको सांगितलं हुतं. तुझ्या पोरीला काय झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं नसतं." कानाचं मात्र बोलला नाहीत. तेवढं मीही सोडून दिलं. विनायक माझ्यासमोर आला आणि ताई, चुकलं, असं म्हणाला. त्याची गाडी आपण आतून पूर्ण उघडली, दुसरा अँप बसवला, चार ओहमवर. त्याच्या भावाचं लग्न केव्हाच उरकलं होतं. त्याच्या मुलीनं सीटवर बसून गाणं ऐकलं आणि आवाज कमी करा म्हणाली.

त्यानंतरची सहा वर्षं चांगली गेली, भाऊ. माझं रीडिंग झाल्याशिवाय गाडी बाहेर जायची नाही, हा नियम तुम्हीच केलात. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, तुम्ही उघड्या डिकीशी अँपच्या बटणावर हात ठेवून माझ्या हाताकडे बघायचात. वर म्हणजे बारीक आवाज वाढवा, खाली म्हणजे कमी करा. आधीच्या सगळ्या गाड्यांत तुम्ही बारीक आवाज एवढा चढवून ठेवला होता, की लोक कान चोळत घरी जायचे आणि दत्ताभाऊंचा आवाज कडक असतो असं कौतुकानं सांगायचे. त्यातल्या बऱ्याच गाड्या सर्व्हिसिंगच्या नावाखाली परत बोलावून आपण गुपचूप खाली आणल्या. वहिनींनी मागे लागून तुम्हाला कानाचं यंत्र घ्यायला लावलं. दुकानात ते कधी घातलं नाहीत. घरी घातलंत, आणि पहिल्याच दिवशी वहिनींना विचारलंत, आपला पंखा असा किती वर्षं ओरडतोय?

तुम्ही मला हात ठेवायला शिकवलंत. टपाचा पत्रा कुठं सैल आहे, खोक्याची कुठली फळी बडबडते, ते मीटरला कळत नाही. आता मला डोळे मिटून कळतं. हे कुठल्या आयटीआयमध्ये शिकवत नाहीत.

पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली. एका रिकाम्या दुपारी तुम्ही जमिनीच्या कामासाठी तलाठ्याकडे गेला होतात. तुमची पिकअप दुकानात उभी होती, तुमच्या हट्टाप्रमाणे एक ओहमवर जोडलेली. मी वायरला क्लॅम्प मीटर लावला आणि एकेक सूर वाजवून व्होल्ट आणि करंट लिहून घेतला. एका खोल सुराला ओहम अडीचच्या वर गेला. त्याच्या वरखाली सव्वावर उतरला. म्हणजे अर्धे तुम्ही बरोबर होतात आणि अर्धी मी. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तुम्हाला दाखवला नाही. दाखवला असता तर तुम्ही फक्त पहिला अर्धा वाचला असतात आणि सगळ्या गाड्या एकवर नेल्या असत्यात, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण साधं होतं. मला जिंकायचं होतं. तुम्ही हौशीनं, हातानं शोधलेली गोष्ट बरोबर निघाली होती, आणि ते तुम्हाला सांगणारं माणूस मी एकटी होते. सांगायला हवं होतं, भाऊ. चुकलं माझं.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. कानाचं कळल्यावर मी तुम्हाला नीट बघायला लागले. कोणी बोलत असलं की तुम्ही त्याच्या तोंडावरून नजर हलवत नव्हतात. गिऱ्हाइक पाठमोरं झालं की तुम्ही फिरून त्याच्यासमोर यायचात. ओठ बघून तुम्हाला जवळजवळ सगळं कळायचं. आणि विनायक बोलत होता तेव्हा तुम्ही अँपकडे बघत होतात. त्याचा भाजलेला हात, त्याचं चिडलेलं तोंड, माझ्याकडे केलेला हात, एवढं समोर असताना तुम्ही मान खाली घातलीत. तुम्हाला कळलं नव्हतं, की कळू नये म्हणून मान खाली घातली होतीत? सहा वर्षांत हा प्रश्न कितीतरी वेळा तोंडाशी आला. विचारला असता तर तुम्ही खरं सांगितलं असतंत, म्हणून विचारला नाही. आपलं चांगलं चाललं होतं. आता तुमच्यावर कसलाही राग नाही, हे मात्र खरं आहे. जो माणूस भरल्या दुकानात उभा राहून वायरिंग माझं म्हणाला, त्याच्यासोबत मी सहा वर्षं काम केलं. आधी मान खाली घालणारा माणूस तोच होता, असं धरलं तरी चालेल मला.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी वहिनींनी मला चावी दिली. मला वाटलं, दुकान विकायचं असेल, सामान लावून द्यायला सांगत असतील. मी शटर उघडून झाडू मारत होते, तेवढ्यात त्या डबा न घेता आल्या. आत येऊन तुमच्या स्टुलावर बसल्या. पूर्वी कधी उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "घरी बसून माणसं भेटायला येतात आणि मला रडायला लावतात. मला हे शिकव."

मी एक नवा वूफर काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मीटरच्या दोन तारा हातात दिल्या. त्यांनी चष्मा लावला, तारा टेकवल्या, आकडा वाचला. तीन पॉइंट सहा. मग वूफरच्या पाठीवरचं वाचलं.

"हितं चार लिहिलंय. मग कमी का दाखवतंय? खराब हाय का?"

मी सांगितलं, की खराब नाही. मुका असताना कमीच दाखवतो, वाजायला लागल्यावर चढतो. आणि हेही सांगितलं, की भाऊ हे कायम म्हणायचे आणि ते बरोबर म्हणायचे. तारा परत टेकवून त्यांनी आकडा पुन्हा एकदा वाचला.

काल सकाळी मी पोचले तेव्हा शटर वर होतं. रस्त्यावर पाणी मारलेलं होतं. एक भोसरीचा माणूस गाडी दारात लावून उभा होता. त्याला तुमचं कळलेलं नव्हतं. त्यानं आत डोकावून वहिनींना विचारलं, मालक कुठायत?

वहिनी स्टुलावरून उठल्या. पदर खोचला.

"मालक आमी दोघी," त्या म्हणाल्या. "गाडी आत घ्या."